युनिटमागे किती बेडूक?

आमच्या प्रयोगशाळेत दोन गोष्टी आपोआप साठतात: बेडकांच्या रक्ताच्या काचा आणि किस्से. काचांना लेबल लावून खोक्यात ठेवता येतं. किस्से खोक्यात राहत नाहीत. रिसोडहून गावाकडे यायला जीपमध्ये बसावं, तर आदल्या दिवशीचा किस्सा पुढच्या सीटवर कुणीतरी रंगवून सांगत असतो, आणि सांगणारा मला ओळखतही नसतो!

प्रयोगशाळा हा शब्द जरा मोठाच झाला. बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची खोली आहे ती. अजूनही कुणीतरी डोक्यावर डबा घेऊन येतं आणि मायक्रोस्कोपकडे बघून विचारतं, "हे बारीक दळते का?"

दहा वर्षं मी बाहेर शिकले. परत आले ती एका हट्टापायी. आमच्या गावाखालच्या नाल्यात सगळे फवारणीचे पंप धुतात. त्याच नाल्यावर शेळ्या पाणी पितात, बाया कपडे धुतात. हे पंप धुणं थांबावं, एवढंच मला हवं होतं. पण नुसतं सांगून कोण ऐकणार? म्हणून ठरवलं, त्या पाण्यानं बेडकाच्या पेशीत काय होतं ते गावाला डोळ्यांनी दाखवायचं.

*

पहिलं भाषण मारुतीच्या पारावर दिलं. फार तळमळीनं दिलं. "ही औषधं पाण्यात गेली की बेडकांच्या जीनमध्ये बिघाड होतो!"

मग देवरावबाबा बोलले. सत्तरीचे शेतकरी, आवाज मोटार सुरू झाल्यासारखा.

"कोनतं जीन वं? इकडचं तं कवाचं बंद पडलं. आता कापूसच कोन लावते!"

आमच्या वऱ्हाडात जीन म्हणजे सरकी काढायचा कारखाना, हे मी दहा वर्षांत साफ विसरले होते! पुढचा अर्धा तास मी पेशी, केंद्रक, डीएनए असं सगळं समजावलं. बाबांनी ते एका वाक्यात गुंडाळलं.

"म्हंजे बेडकाच्या घरच्या बियान्यात भेसळ. असं सांग ना!"

तेव्हापासून मी असंच सांगते.

भाषणाचा उपयोग मात्र शून्य. घरी जाताना एक जण म्हणाला, "मॅडम, नाल्यात नाई धुवाचा तं पंप का तुमच्या मिक्सरमधी धुवाचा?"

*

वच्छलाकाकू खोली झाडायला यायच्या. एकदा झाडू बगलेत धरून त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. बेडकाच्या पायातून एक थेंब रक्त घेऊन आम्ही काचेवर पसरतो आणि बेडूक जिथला तिथे सोडून देतो. त्या रक्ताच्या पेशीत एक गोल केंद्रक दिसतं. डीएनए तुटला असेल, तर त्याच्या बाजूला एक इवलासा ठिपका सुटलेला दिसतो. हे ठिपके मोजता मोजता माझे डोळे दुखायला यायचे.

"हिच्याजवळ पिल्लू हाय," काकू म्हणाल्या. "हिच्याजवळ नाई. हिच्याजवळ हाय."

मी तपासलं. बरोबर! शिवाय मी आदल्या दिवशी तपासलेल्या काचेवर त्यांनी तीन पिल्लं जास्त शोधली.

"काकू, कसं जमलं?"

"चाळीस वर्सं तुरीच्या डाळीतले खडे येचले वं माय. हे तं सोपं हाय. हे दातात येत नाई."

मोजणीचं काम त्या दिवसापासून त्यांच्याकडे. पहिला तक्ता मी परदेशातल्या माझ्या सरांना पाठवला आणि एका रकान्याचं नाव बदलायचं विसरले. सरांचं दोन ओळींचं उत्तर आलं. मोजणी उत्तम आहे, पण हे 'पिल्लू' काय आहे? मी खुलासा केला. आता सरांच्या प्रत्येक मेलची सुरुवात एकच असते: या आठवड्यात पिल्लं किती?

*

सलीमचाचा रिसोडला मोटार वाइंडिंग करतात. आमचं इनक्युबेटर, म्हणजे बॅक्टेरिया वाढवायची उबदार पेटी, त्यांनीच बनवलं. जुनं कपाट, दोन बल्ब आणि कोंबडीची अंडी उबवायच्या मशीनचा थर्मोस्टॅट!

एकदा पेटी तपासायला आले, तर आत नाल्याच्या गाळातल्या बॅक्टेरियांच्या बश्या. त्यात मी अँटिबायोटिक घातलं होतं. बॅक्टेरिया मरायला हवे होते. ते तर मजेत वाढले होते.

चाचांनी चष्मा वर केला. "बेटा, ये तो दवाई खाके मोटे हो गये!"

मी सांगितलं, "चाचा, नाल्यात रोज थोडं थोडं फवारणीचं विष अंगावर येतं, त्यातून काही जण तग धरतात आणि अँटिबायोटिकलाही पुरून उरतात. मग टिकायची ही युक्ती, म्हणजे तो जीन, ते शेजारच्या बॅक्टेरियाला देऊन टाकतात."

"ऐसेच? रिश्तेदारी नसली तरी?"

कोपऱ्यातून, काचेवरचा डोळा न काढता, काकू म्हणाल्या, "त्यात काय भाऊ! इरजन मांगाले शेजारीन येते, तिले का जातगोत पुसता? वाटीभर देल्लं की तिच्या घरीबी दही लागते."

एवढ्या शिक्षणात मला इतकं सोपं कुणी सांगितलं नव्हतं! गिरणी बघायला येणाऱ्या शाळेच्या मुलांना आता मी विरजणच सांगते.

*

आता बेडकांचा किस्सा. नाल्याचे बेडूक बिघडलेत हे सिद्ध करायचं, तर तुलनेला चांगल्या पाण्यातले बेडूक हवेत. विज्ञानात त्याला कंट्रोल म्हणतात. असं चांगलं पाणी गावात एकच, देवरावबाबांचं शेततळं. त्यांचे बैल तिथे पितात, म्हणून त्यात ते कुणाला पंप बुडवू देत नाहीत.

बाबांना मी समजावलं, "कंट्रोल म्हणजे जिथे आपण काहीच करत नाही ती जागा."

"समजलं. म्हंजे आमचा जावई."

इथवर ठीक होतं. पण एका शनिवारी बसस्टँडवर मी फोनवर मोठ्यानं बोलले, "कंट्रोलचे बेडूक सोमवारी मिळतील!"

आणि आमच्याकडे कंट्रोल म्हणतात रेशनच्या दुकानाला!

सोमवारी सकाळी दुकानदाराचा फोन. "मॅडम, गहू आला, तांदूळ आला. हे बेडकाचं काय लफडं हाय? लाइन लागली ना बाप्पा!"

मी धावत गेले. खरंच लाइन! हात जोडून सगळ्यांना सांगितलं, की गैरसमज झाला, इथे बेडूक मिळत नाहीत. मागून एका आजीबाईंनी माणशी एक युनिट लिहिलेलं रेशनकार्ड वर केलं.

"थे राहू दे. पन भेटले असते तं युनिटमागं किती भेटले असते?"

*

त्याच पावसाळ्यात सोयाबीनवर अळी आली. बाबांचं शेत तळ्याला लागून. फवारणी केली तर औषध तळ्यात उतरणार, कंट्रोल संपणार, आणि माझी वर्षभराची मोजणी वाया. पण "तुमचं पीक जाऊ द्या" असं कोणत्या तोंडानं सांगू? बाबांनी फवारणी केल्याचं कळलं, तशी मी तळ्यावर गेले.

बाबा बांधावर बसले होते. शेत हिरवंगार. तळ्याकडच्या आठ तासांची, म्हणजे ओळींची, मात्र चाळणी झालेली. एक पान धड नाही.

"थे आठ तास तुह्या बेडकायचे," बाबा म्हणाले. "तिकडं पंप नेलाच नाई. अन् पंप खंगाळलेलं पानी पिकावरच मारून देल्लं, तळ्याकडं येऊ नाई देल्लं."

माझे डोळे भरून आले.

"रडू नको वं पोरी! अळीच्या लेकराईनंबी काई खाल्लं पायजे का नाई?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्याचा पत्रा कापून तळ्यावर पाटी ठोकली: 'कंट्रोल. इथं पंप धुवू नाई. बेडूक मोजलेले हायेत.'

*

हिवाळ्यात मोजणी पूर्ण झाली. तळ्याच्या बेडकांत पिल्लू क्वचितच, नाल्याच्या बेडकांत मात्र काचेमागून काच पिल्लंच पिल्लं. ते मी सरांना कळवायच्या आत काकूंनी गावातल्या बायांना कळवलं. चार दिवस गिरणीत रांग होती. एकेक बाई डोळा लावून नाल्याची काच बघायची, तळ्याची काच बघायची आणि मागचीला पुढे करायची.

यंदा पेरण्या झाल्या. पुन्हा नमुने घ्यायला मी कॅन घेऊन नाल्यावर गेले. काठावर पत्र्याची नवी पाटी. अक्षर वेडंवाकडं: 'कंट्रोल नं. २.' पाटीखाली वच्छलाकाकू, मांडीवर काठी, बाजूला दोन शेळ्या. पंप धुणारं कुणी नाही.

"काकू!" मी ओरडलेच. "अहो, हा नाला मी खराब म्हणून निवडला होता! हेही कंट्रोल केलं, तर मी तुलना कशाशी करू?"

काकूंनी शेळीला पाण्याकडे ढकललं.

"खराब पानी पायजे असंन तं दुसऱ्या गावाले जाय, माय. आमच्या इथं आता भेटत नाई."