तळं हिरवं कोणी केलं

तालुक्याच्या अमलदारांच्या टेबलावर ऑर्डर लिहून तयार होती. धोब्यांनी आठ दिवसांत घाट सोडावा, कारण त्यांच्या कपड्यांच्या मळाने गावच्या तळ्याचं पाणी नासलं आहे. ऑर्डरला एकच कागद जोडायचा राहिला होता, केमिस्टचा रिपोर्ट. तो मी लिहायचा होता, आणि मी अजून पाणी पाहिलंही नव्हतं.

"पाणी कशाला पाहायला हवं?" साहेब म्हणाले. "हिरवं आहे. मासे मेलेत. धोबी तिथेच आहेत. आणखी काय हवं?"

साहेब म्हणजे आमच्या खात्याचे मुख्य. विलायतेत शेतकी रसायन शिकून आलेले. म्हैसूरच्या लॅबोरेटरीत मी त्यांचा असिस्टंट होतो. आमचे आजे-पणजे सगळे घोडदळात. शिकून नोकरीला लागलेला मी पहिला. घरात मराठी, दाराबाहेर कानडी, ऑफिसात इंग्रजी आणि साहेबांसमोर मौन, अशा चार भाषा मला येत होत्या. चौथीत अधूनमधून व्याकरण चुकायचं.

"निदान एक बाटली आणतो, सर. रिपोर्टात सॅम्पलची तारीख घालावी लागते."

हे त्यांना पटलं. पाण्यावाचून रिपोर्ट चालला असता, तारखेवाचून नाही.

गाव म्हैसूरबाहेर, बोगादीच्या पलीकडे. जटक्याने, म्हणजे तिकडच्या टांग्याने, पोहोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. तळं वाटलेल्या कोथिंबिरीसारखं दिसत होतं आणि काठाला मासे पोट वर करून पडले होते. धोब्यांची सहा घरं. त्यांची म्होरकी थिम्मव्वा, साठीची, आवाजाने घाट दणाणून सोडणारी. ती कानडीत बोलली, मी इथे मराठीत सांगतो.

"या स्वामी. आमचा गुन्हा बाटलीत भरायला आलात?"

"गुन्हा आहे की नाही ते बघायला आलोय, अव्वा."

"मग इथे काय बघता? हा सांडवा. इथून पाणी तळ्याबाहेर जातं. आमचा मळ काय उलटा पोहत वर जातो?"

मी बाटलीचं बूच पुन्हा लावलं. एवढं मोठं आमचं खातं, पण पाणी कुठून कुठे वाहतं हे कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"आत कुठून येतं?" मी विचारलं.

तिने गाठोडं खाली टाकलं आणि चालू लागली. तळ्याच्या दुसऱ्या टोकाला एक नाला येऊन मिळत होता. नाल्याच्या कडेने चढावर गेलो, तर समोर एक पाटी. पाटी इंग्रजीत, कारण गावात कोणालाच इंग्रजी येत नव्हती. डेमॉन्स्ट्रेशन प्लॉट, म्हणजे नव्या शेतीचं नमुन्याचं शेत. आमच्याच खात्याचा. साहेबांचा लाडका.

"इथे आधी उन्हाळ्यात तळ्याचा गाळ यायचा," थिम्मव्वा म्हणाली. "गाड्या भरभरून. शेणही पडायचं. तुमचे साहेब म्हणाले, घाण घालू नका. आता गोण्यांतून पांढरं मीठ येतं. मोठा पाऊस झाला की नाला भरून वाहतो, आणि आठवड्यात तळं हिरवं. तीन वर्षं हेच चाललंय. पहिल्या वर्षी थोडं होतं. यंदा मासे गेले."

"हे कोणाला सांगितलं नाहीस?"

"विचारलं कोणी?"

ते पांढरं मीठ म्हणजे चिलीहून येणारा सोरा. आमच्या घराण्याला सोरा बंदुकीच्या दारूतला माहीत. शेतात त्याचं काम वेगळं. त्यात नायट्रोजन असतो आणि नायट्रोजन पिकाला वाढवतो. पण सोरा मिठासारखा विरघळतो आणि माती त्याला धरून ठेवत नाही. पिकाने उचलला तेवढा उचलला, उरलेला पावसाबरोबर चालता होतो. खाली तळ्यात शेवाळ बसलेलंच असतं. त्यालाही हेच खाद्य लागतं. ते फोफावतं, मरतं, कुजतं, आणि कुजताना पाण्यातली हवा खाऊन टाकतं. मासे गुदमरतात.

गाळाचं आणि शेणाचं तसं नाही. त्यांच्यातला नायट्रोजन कार्बनला बांधलेला असतो. कार्बन म्हणजे सुपीक मातीतला काळेपणा, कुजलेल्या पाल्या-मुळांचा. तो पाणी धरतो, आणि मातीतले सूक्ष्म जीव त्यावर जगून नायट्रोजन हळूहळू सोडतात. साहेबांचं मत वेगळं होतं. "माती म्हणजे पिकाला उभं राहायची जागा," ते म्हणत. "जेवण आपण वाढू."

मी नाल्याचं पाणी प्लॉटच्या वरून घेतलं, प्लॉटच्या खालून घेतलं, आणि घाटावरचंही घेतलं. माती प्लॉटमधली घेतली आणि बांधापलीकडची, जिथे अजून गाळ पडत होता.

लॅबोरेटरीत दोन्ही मात्या वाळवून तोलल्या, लाल होईतो भाजल्या, पुन्हा तोलल्या. भाजताना कार्बनवाला भाग जळून जातो, म्हणून वजनात जी घट येते ती मातीची श्रीमंती. बांधापलीकडची माती चांगली घटली. साहेबांच्या मातीत जळायला फारसं काही उरलंच नव्हतं.

मग पाणी. ते आटवून घट्ट करायचं, त्यात हिराकशीचं पाणी घालायचं आणि ट्यूब तिरकी धरून कडेने गंधकाचं तेजाब, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड, सोडायचं. तेजाब जड, ते तळाशी बसतं. पाण्यात सोरा असेल तर दोन्हींच्या सीमेवर तपकिरी कडं उमटतं. प्लॉटच्या वरचं पाणी स्वच्छ निघालं. घाटावरच्या पाण्यात फिकट कडं. प्लॉटखालच्या पाण्यात मात्र कॉफीसारखं गडद. म्हणजे दोष साहेबांच्या प्लॉटचा. नोकरी लागून मला जेमतेम दोन वर्षं झाली होती. ट्यूब धुऊन टाकावी, असं क्षणभर वाटलं. धुतली नाही, एवढंच माझं शौर्य.

साहेबांनी ट्यूबकडे पाहिलंच नाही. "बाटल्या अदलाबदल झाल्या असतील."

"नाही, सर."

"मग मी स्वतः भरतो. अमलदारांच्या कचेरीत टेस्ट करा. कोणती बाटली कुठली, ते फक्त मला माहीत असेल. बघू तुमचं कडं."

अमलदार शांत, सावध माणूस. ऑर्डरवर सही त्यांची जाणार होती, म्हणून तेही तयार झाले. साहेबांनी तीन बाटल्या भरल्या, नंबर घातले आणि चिठ्ठी लिहून कोटाच्या खिशात ठेवली. थिम्मव्वा दारात बसली होती. पाणी आटायला तासभर लागला. मग ट्यूबमध्ये पाणी ओतलं, त्यात हिराकशीचं पाणी घातलं. ट्यूब तिरकी धरून कडेने तेजाब सोडलं.

एक नंबर, फिकट कडं. दोन नंबर, काही नाही. तीन नंबरला तेजाब टेकलं आणि कडं इतकं काळपट उमटलं की शिपाईसुद्धा पुढे वाकला.

"चिठ्ठी वाचावी, साहेब," अमलदार म्हणाले.

"नंबर एक, घाट. नंबर दोन, प्लॉटच्या वर. नंबर तीन..." साहेब थांबले. "अक्षर लागत नाही."

"आपलंच आहे ना?"

साहेब खिशात चष्मा शोधू लागले. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

"वाचलं नाही तरी चालेल," थिम्मव्वा दारातून म्हणाली. "तीनच जागा होत्या, दोन सांगून झाल्या."

अमलदारांनी ऑर्डर चार घड्या करून ड्रॉवरमध्ये टाकली. धोब्यांचा घाट राहिला. थिम्मव्वाने माझे आभार मानले नाहीत. मानायचं कारणही नव्हतं. मी तिचंच म्हणणं ट्यूबमध्ये घालून दाखवलं होतं.

खात्याचा रिपोर्ट शेवटी साहेबांनीच लिहिला. डेमॉन्स्ट्रेशन पूर्ण यशस्वी. तळ्याचा हिरवा रंग हे या भागाच्या वाढत्या सुपीकतेचं लक्षण. माशांचा उल्लेख नाही. पुढच्या वर्षी त्यांची एक पुस्तिका निघाली. सोऱ्याबरोबर तळ्याचा गाळ घालावा, असा त्यांना अभ्यासाअंती शोध लागला होता. पुस्तिकेवर त्यांना बढती मिळाली. माझी बदली तुपातली भेसळ तपासण्याच्या कामावर झाली. तिथे निदान भेसळ करणारा आपलं तूप सुपीक आहे म्हणत नाही.

नवीन मुलं मला विचारतात, पाण्याचं सॅम्पल कुठून घ्यावं. मी सांगतो, ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या वरच्या अंगाला आधी जा. आणि बाटली बुडवण्यापूर्वी, तिथे वर कोण बसलंय तेही एकदा बघून घ्या.