गुरुवारची खुर्ची

आपा गेल्या. आणि दुसऱ्याच सकाळी आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर कचऱ्याच्या तीन पिशव्या पडल्या होत्या.

आपा म्हणजे आमच्या गल्लीत, कोपऱ्यासमोरच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या, ब्लाउज शिवणाऱ्या आपा. परवा, मंगळवारी दुपारी, शिलाई मशीनवर बसल्या बसल्या गेल्या.

शहागंजच्या मागं राहतो आम्ही. त्या कोपऱ्यावर माझ्या जन्माआधीपासून उकिरडा होता. दोन वर्षांपूर्वी गल्लीनंच तो उचलला. फावडी आणली, भिंतीला चुना मारला, रंगाच्या जुन्या डब्यांत सदाफुली लावली.

साफ करणं सोपं होतं. साफ ठेवणं अवघड.

म्हणून ठरलं, रोज सकाळी साडेसहापासून घंटागाडी येईपर्यंत एका घरातल्या माणसानं तिथं खुर्ची टाकून बसायचं. माणूस दिसला की कुणी पिशवी टाकत नाही.

टाइमटेबल मी केलं. सात घरं, सात वार. आमचा गुरुवार.

आपांचं नाव त्यात नव्हतं. मीटिंगमध्ये सगळेच म्हणाले, "आपांना नको, त्यांचे गुडघे दुखतात."

आपा हसल्या. "हौ, मेरे कू छुट्टी दे दो."

पहिला महिना सगळे बसले. मग कुणाची शिफ्ट, कुणाची मुलं, कुणाचा बीपी. माझी बँकेची परीक्षा.

पण खुर्ची कधी रिकामी दिसली नाही. एक हात तुटलेली, नाड्यानं बांधलेली. आपांचीच खुर्ची, आणि त्यात आपाच.

त्या ओरडायच्या नाहीत. स्कूटरवरून कुणी पिशवी भिरकावली की हाक मारायच्या,
"ओ साहेब! पिशवी गिरी तुमची. लाके देऊ का?"

साहेब मुकाट्यानं पिशवी उचलायचे.

एकदा मी दूध आणायला निघाले आणि आपांच्या समोर सापडले. गुरुवार होता.

"आपा, सॉरी, आज माझी पाळी..."

"तू पढ, बेटा. मैं घर में बैठके दीवारां देखूं क्या? इधर चार माणसं तरी दिसतात. पिशवीवाले भी रुकके दो बातां करते."

मी हसले. दूध घेऊन घरी गेले.

दहा मिनिटं त्यांच्याजवळ थांबायला हवं होतं.

शाळेत जायच्या आधी बाबांनी मला घरीच अक्षरं शिकवली. त्यांचा एकच नियम होता. जे झालं नाही ते वहीत लिहायचं नाही.

आणि मी दोन वर्षं गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाइमटेबल टाकत होते. कोपरा साफ दिसला की ज्याची पाळी त्याच्या नावापुढे हिरवी टिक. गुरुवारी माझ्याही नावापुढे.

मंगळवारी ग्रुप श्रद्धांजलीनं भरून गेला. फुलं, जोडलेले हात. त्याखाली मी विचारलं, "उद्या खुर्चीवर कोण बसणार?"

सगळ्यांनी वाचलं. उत्तर कुणीच दिलं नाही.

काल मीही खिडकीतूनच त्या तीन पिशव्या बघितल्या. आधी ते लिहिते.

आज गुरुवार. आपांच्या दाराला कुलूप आहे, खुर्ची बाहेरच होती. साडेसहाला जाऊन बसले. दीड तास इतका मोठा असतो हे मला माहीत नव्हतं. गल्लीतलं कुणी बाहेर आलं नाही.

पावणेआठच्या सुमारास एक काका स्कूटरवरून आले. पिशवी टाकली.

"काका... पिशवी पडली तुमची."

त्यांनी वळून खुर्चीकडे पाहिलं. "आपा कुठं गेल्या?"

मी सांगितलं.

त्यांनी स्कूटर स्टँडवर लावली, पिशवी उचलली आणि हातात धरून उभेच राहिले. "नाश्ता झाला का विचारायच्या," एवढंच म्हणाले. घंटागाडी आल्यावर पिशवी तीत टाकून गेले.

जुन्या टिक आता पुसता येत नाहीत. म्हणून इथं, सगळ्यांसमोर लिहिते. माझ्या बहुतेक गुरुवारी मी बसले नव्हते. आपा बसल्या होत्या. आमच्या घराच्या पाळीला, आणि जिथवर मला माहीत आहे, सातही घरांच्या पाळीला.

आपा, खुर्ची मी पुसून परत तुमच्या दाराशी ठेवली आहे. पुढच्या गुरुवारी येते.

उद्याचं अजून कुणी बोललेलं नाही.

सलाम, आपा.