पोट भरलं की थांबणारा डबा

बदलापूरजवळच्या बारवी धरणाच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर माझी आत्या एकटी राहते, कोंबड्या पाळते. तिच्या सोलरची बॅटरी उकळतेय असा तिचा फोन आला, तेव्हा मी उल्हासनगरात, कॅम्प दोनमधल्या माझ्या इन्व्हर्टर रिपेरिंगच्या दुकानात होते. मी जागेवरच ओळखलं, बाईने मी पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये बसवलेला कंट्रोलर काढला. अशा बाबतीत माझा अंदाज चुकत नाही आणि हे सांगायला मी लाजतही नाही.

जाऊन बघते तर पॅनेलची वायर थेट बॅटरीला! आतलं पाणी आटलेलं. बाजूला टोपलीत बल्बांखाली इवलीशी पिल्लं. त्यांची आई मुंगसाने नेलेली. रात्री ऊब मिळाली नाही तर ती गारठून मरणार होती.

"दुपार झाली का तुझा डबा वीज घेनंच बंद करतो," आत्या करवादली. "एवढं ऊन फुकट जातं. कामचोर मेला!"

मी समजावलं. रिकाम्या बॅटरीत कंट्रोलर येईल तेवढी वीज सोडतो, ती भरत आली की हात आखडता घेतो, भरल्यावर जेमतेम थेंबभर देतो. आत्याला काडीचं पटलं नाही. मग जेवायला बसलो. पाहुणा नको म्हणाला तरी वाढायचं, ही आमच्याकडची रीत. ती पुन्हा भात घेऊन आली तशी मी ताटावर आडवा हात धरला.

"हाच तुझा कंट्रोलर. आणखी वाढलंस तर पोट फुटेल."

"म्हंजे तुझ्यासारखाच आगाऊ," ती हसत म्हणाली.

मी बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घातलं, कंट्रोलर पुन्हा जोडला. तेव्हा तिने खरा प्रश्न विचारला. "बॅटरी उतरली का हा बल्बबी बंद करतो. पहाटे केला तर?"

करणारच होता. बॅटरी पार रिकामी होऊ द्यायची नाही, हेही त्याचंच काम. मी दोनातला एक बल्ब काढला, पिल्लं लहान टोपलीत घातली, भोवती गोणपाट गुंडाळलं. "रात्र निघेल," असं ठासून सांगितलं. पण परतताना बदलापूर येईपर्यंत मनात बॅटरीचा हिशोबच मांडत होते.

सकाळी दुकान उघडत असतानाच तिचा फोन आला. मी दोनदा हाक मारली, पण पलीकडून उत्तर नाही. शेजारच्या दुकानातलं ड्रिल बंद करायला लावलं, तेव्हा कुठे ऐकू आलं. आत्याने फोन टोपलीत धरला होता. नुसता चिवचिवाट! मला भर बाजारात रडू आलं.

"बल्ब अजून चालू हाय गं," ती म्हणाली. "आता जरा बंद केला, तर तुझ्या डब्याला राग नाय ना येनार?"