पहिला कप ताईचा

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कोर्टासमोरच्या एका कॅफेत कॉफी करायचे. सगळी नोकरी त्या एकाच काउंटरमागे गेली. समोर वकील, कारकून, तारखेला आलेले पक्षकार, आणि प्रत्येकाला घाई. भाऊजींच्या डाव्या हातात गाळणीचा दांडा, उजवा हात ग्राइंडरच्या खटक्यावर. दोनदा ओढला की एका कपाची पूड गाळणीत. तोंडाने गिऱ्हाइकाची चौकशी चालू असायची, हात आपलं काम करत असायचे. निवृत्त झाल्यावरसुद्धा गप्पांच्या भरात त्यांचा उजवा हात मधूनच हवेत काहीतरी ओढायचा. ताई म्हणायची, "अहो, माशा हाकलताय की काय?"

निरोपाच्या दिवशी मालकाने त्यांना घरगुती एस्प्रेसो मशीन भेट दिलं. ग्राइंडर तेवढा घ्यायचा राहिला. तो आणायला आम्ही तिघं गेलो. मी अकाउंट्सचा माणूस. "हिशेबनीस बरोबर असला की दुकानदार सरळ बोलतो," असं भाऊजींचं मत.

दुकानातल्या मुलीने दोन ग्राइंडर पुढे ठेवले. एकाला डोसर होता, म्हणजे पूड साठवणारा गोल डबा आणि त्याच्या बाजूला खटका. दळलेली पूड आधी डब्यात पडते आणि खटका ओढला की ठरलेलं माप खाली येतं. दुसरा बिनडोसरचा. त्यात दळलेली पूड थेट गाळणीत उतरते.

"घरी किती कप होतात?" मुलीने विचारलं.

"दोन. हा टपकला तर तीन," ताई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

"मग बिनडोसरचा घ्या. डोसरचं माप बरोबर यायचं तर डबा भरलेला लागतो. दोन कपांसाठी एवढं दळलं तर उरलेली पूड शिळी होते."

ताई भाऊजींकडे वळली. "तुमचं काय म्हणणं? यातलं तुम्हालाच कळतं."

भाऊजींचा हात तोपर्यंत खटक्यावर जाऊन बसला होता. "बिनडोसरच्यातून पूड उडते," ते म्हणाले. "तुझा ओटा रोज खराब होईल."

हे खोटं नव्हतं, पण खरं कारणही नव्हतं. ताईला ओट्यावर साखरेचा दाणा खपत नाही. विषय तिथेच मिटला आणि डोसरवाला घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम कॉफीला गेलो. भाऊजी डब्यातली कालची पूड कचऱ्यात झटकत होते. कॅफेत दुकान उघडलं की त्यांचं पहिलं काम तेच असे.

"अहो, चांगली पूड फेकताय? श्रीमंत झालात वाटतं!" ताई म्हणाली.

भाऊजी हसले आणि थांबले. तेव्हापासून उरलेली पूड डब्यातच राहू लागली. अशा डब्यातून जुनी पूड आधी बाहेर येते, ताजी मागून. पहिला कप शिळ्या पुडीचा आणि दुसरा ताज्या पुडीचा. पहिला कप भाऊजी ताईला द्यायचे. समोरच्याला आधी द्यायचं, ही काउंटरवरची सवय.

ग्राइंडर यायच्या थोडं आधीच ताई मोठ्या आजारातून उठली होती. औषधांनी तिची जीभ लाकडासारखी झाली होती. बरी होत आली तेव्हा सगळ्यात आधी चव कळली ती कॉफीची. म्हणून आता कॉफी मातीसारखी लागायला लागली, तेव्हा ती आतून हादरली. आधी कोणाला बोलली नाही. मग एका सकाळी कप खाली ठेवून म्हणाली, "परत सुरू झालं वाटतं माझं."

आपण काय पाजतोय ते भाऊजींना ठाऊक होतं. पण सांगायचं म्हणजे डोसरवाला का घेतला तेही सांगावं लागणार. "बिया बदलून बघू," एवढंच ते म्हणाले. मग ताई उठायच्या आत गुपचूप डबा रिकामा करायला लागले. पण तोवर तिने कॉफीच सोडली होती. "एक घोट घेऊन तर बघ," म्हणून ते मागे लागायचे आणि ती मान फिरवायची. मनात भीती बसली तशी तिला भाजीसुद्धा बेचव लागायला लागली.

दोघं लेकीच्या बाळंतपणाला जाणार होते. ताईने लेकीला कळवलं, "मला नाही जमायचं, तुझ्या सासूबाईंना बोलावून घे." आणि डॉक्टरांची वेळ घेतली.

गाडी माझी होती. दवाखान्यात आम्ही तिघं ओळीने बसलो होतो. ताई जुन्या रिपोर्टांची पिशवी घट्ट धरून होती.

"अगं, तुझी जीभ ठीक आहे," भाऊजी एकदम म्हणाले.

"तुम्ही कधी डॉक्टर झालात?"

"पूड शिळी होती. आदल्या दिवशीची. तुझा कप तिचा व्हायचा."

ताईला क्षणभर काही कळलं नाही. "आणि तुमचा?"

"ताज्या पुडीचा."

"कॅफेत काय करायचात शिळ्या पुडीचं?"

"फेकून द्यायचो."

मी भाऊजींकडे पाहिलं. फेकताना तिनेच अडवलं होतं, हे आता सहज सांगता आलं असतं. त्यांनी ते काढलं नाही.

"म्हणजे सगळं त्या ओट्यापायी?"

"ओट्यापायी नाही. मला खटका हवा होता. हाताला करमत नव्हतं." त्यांचा आवाज खाली गेला होता, तरी समोरच्या बाईंनी मासिकातून डोकं वर काढलं. "आणि मग सांगायची लाज वाटली."

"मी पोरीला नाही म्हणून कळवलं हो," ताई म्हणाली. तेव्हा कुठे तिचे डोळे भरले.

आतून नाव पुकारलं गेलं. डॉक्टरांनी तपासलं, प्रश्न विचारले आणि काही नाही म्हणून सांगितलं. बाहेर आल्यावर भाऊजींनी फोन काढला. "मी कळवतो तिला."

"माझ्यासमोर कळवा. आणि ओट्याचं नाव घ्यायचं नाही."

गाडीपाशी उभं राहून त्यांनी लेकीला सगळं सांगितलं, काही न गाळता. मग फोनमधून मलाही ऐकू आलं, "बाबा, मी इथे रोज रडत होते." भाऊजींनी फोन ताईकडे दिला.

ताई बोलत बोलत लांब गेली आणि डोळे पुसून परत आली. पुढची सीट नेहमी भाऊजींची, आज तिथे ताई बसली. भाऊजी मागे बसले.

"माझं तिकीट काढून दे," ती मला म्हणाली. "सासूबाई असल्या तरी मीही हवी आहे तिला."

"दोघांचं ना?"

"एकच. हे राहू देत घरी. डब्यात रोज शिळी पूड उरते, ती प्यायला कोणीतरी नको?"

मी आरशात पाहिलं. भाऊजी खिडकीबाहेर बघत होते. "हो," ते म्हणाले. "एकच काढ."