काटा दोनशे साठ, पडदा एकशे ऐंशी

निपाणीच्या वखारीत तंबाखू निवडणाऱ्या तानीबाईची पारू डिप्लोमा करून १९८७ साली बेळगावात, उद्यमबागेतल्या एका हायड्रॉलिक कारखान्यात लागली. तिथं तयार सिलिंडरमध्ये तेल दाबून तो गळतो का हे बघत. दाब मोजायला मालकांनी नवं मीटर आणलं होतं. ते वायरीवरून कॉम्प्युटरच्या मागच्या खाचेत, सिरियल पोर्टला, सतत आकडे धाडायचं. आकडा वाचायचा, पडद्यावर दाखवायचा, फ्लॉपीवर लिहायचा, एवढं करणारा प्रोग्राम पारूनं लिहिला. मालक खूश झाले.

टेस्टिंगवर बारा वर्षं कंग्राळीचा भरमू होता. दाब दाखवणारा जुना काट्याचा गेज त्यानं काढू दिला नव्हता. आठवड्याभरात तो म्हणाला, "बाई, काटा दोनशे साठ दावतोय आन् तुमचा टीव्ही एकशे ऐंशीवरच बसलाय."

पारू मालकांना घेऊन आली, तोवर पंप थांबला होता. काटा आणि पडदा, दोन्हीकडं दोनशे साठच. असं तीनदा झालं.

"भरमू, डोळे दाखवून घे," मालक म्हणाले. त्यांनी त्याला गेटवर लॉऱ्यांचे नंबर लिहायला बसवलं आणि शामू नावाच्या नव्या माणसाला पंपावर घेतलं. पारूलाही तेच पटलं. प्रोग्राम तिनं आपल्या टेबलावर चार वेळा तपासला होता.

तीन महिन्यांनी एका दुपारी फ्लॉपी खराब झाली. पारूनं लिहिण्याचा भाग तात्पुरता बंद केला. शामूनं दाब चढवला आणि पडद्यावरचा आकडा काट्याबरोबर पळत सुटला. असा पळताना तिनं तो कधीच बघितला नव्हता. तिनं नवी फ्लॉपी घातली, लिहिणं चालू केलं. आकडा एकशे ऐंशीवर अडकला. शामू पडद्याकडं बघून दाब वाढवतच होता. काटा तीनशेच्या पुढं गेला होता.

"पंप बंद कर! शामू, बंद कर!"

पंप थांबल्यावर तिच्या ध्यानात आलं. टेबलावर तपासताना तिनं फ्लॉपीवर लिहिणं कधी चालूच केलं नव्हतं. इथं दाब चढताना प्रोग्राम फ्लॉपीवर लिहीत बसायचा, तेवढ्यात पोर्टवर आलेली आकड्यांची अक्षरं एकमेकांवर पडून नाहीशी व्हायची. पंप थांबला की लिहिणंही थांबायचं, म्हणून मालक येईतोवर आकडा जुळलेला असायचा. आकडा अर्धवट आला तर तो सोडून जुनाच दाखवायचा, ही ओळ तिनंच लिहिली होती.

ती थेट गेटवर गेली. भरमू जाड भिंगाचा चष्मा लावून बसला होता.

"भरमूअण्णा, तुमचे डोळे बरे हाईत. चूक माझ्या प्रोग्रामची हाय."

त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"डॉक्टरनं तर नंबर दिला की, बाई. समदी म्हणत्यात म्हणून मीच त्याला सांगिटलं, मला दिसत न्हाय. माझा लेक मालू मला बैलगाडी हाकू देत न्हाय. तीन म्हयनं झालं." त्याचा आवाज चढला. "बारा वर्सं काटा वाचला मी! तुमी एकदा तरी थांबून बगायचं हुतं!"

पारू तशीच ऑफिसात गेली.

तिनं मालकांना सगळं सांगितलं. "प्रोग्राम नीट करा, गाजावाजा नको," ते म्हणाले. भरमू पंपावर परत येईतोवर मशीन चालू करणार नाही, असं ती म्हणाली. मालकांनी कपाळाला आठ्या घालून तिच्याकडं बघितलं आणि शेवटी होकाराची मान हलवली.

नवा प्रोग्राम लिहायला अकरा दिवस लागले. वाचणारा भाग तिनं असेंब्ली या प्रोसेसरच्या जवळच्या भाषेत वेगळा लिहिला. पोर्टवर अक्षर आलं की प्रोसेसर हातातलं काम सोडून ते उचलायचा, रांगेत ठेवायचा आणि परत कामाला लागायचा. पडदा आणि फ्लॉपीचा भाग त्या रांगेतून सवडीनं आकडे घ्यायचा.

पहिल्या दिवशी भरमूनं स्वतः पंप चालवला. काटा आणि पडदा बरोबर चढले. त्यानं तसं चाळीस सिलिंडरांवर बघितलं, तरी पारूशी तो दिवाळीपर्यंत कामापुरतंच बोलला.