लोखंडी कढईतलं सीरम

आमच्या ताईला कोणी काही शिकवायला जाऊ नये. ती शिकते, पण आपल्याच मतानं.

नागभीडला बचत गटाच्या बायकांना आवळ्यापासून चेहऱ्याचं सीरम करायला शिकवायला पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. त्या म्हणाल्या, उन्हानं आणि धुरानं कातडी गंजते, आवळ्यातले अँटिऑक्सिडंट तो गंज थांबवतात. अगं बाई! सूरजागडचं लोखंड आमच्याच मुलखातलं, आणि गंज कशाला म्हणतात हे आम्ही पुण्याकडून ऐकायचं. मग त्यांनी नमुन्याची बाटली दाखवली. होमिओपॅथीच्या गोळ्यांची असते तेवढी. त्याहून जास्त तेल आम्ही वांग्याच्या फोडणीला घालतो.

ताईनं एकच विचारलं, "रंग उजळते का मॅडम?"

"ग्लो येतो," मॅडम जरा घुटमळत म्हणाल्या. ताईला तेवढं पुरलं.

कारण तिची पोरगी. माझी भाची सरकारी दवाखान्यात नर्स आहे, हसरी, बोलायला खमकी आणि रंगानं आम्हा सगळ्यांसारखीच काळी. "मुलगी चांगली आहे, पण..." असे निरोप येऊन येऊन ताईची झोप उडाली होती. दारात जय भीम म्हणायचं, आत येऊन खुर्चीवर टेकायचं आणि पहिली नजर पोरीच्या कातडीवर! लाज कशी वाटत नाही मेल्यांना? आता रविवारी आणखी एक स्थळ येणार होतं, आणि हे हातचं जाऊ द्यायचं नाही असं ताईनं ठरवलं होतं.

मॅडमनी बजावलं होतं, काचेचं नाहीतर स्टीलचं भांडं घ्या. पण आमच्याकडे आवळा उकळायचा म्हणजे लोखंडी कढईतच. पिकले केस काळे करायला बायका पिढ्यानपिढ्या तेच करत आल्या, ताई स्वतः दर महिन्याला करते. तिनं तीच कढई चुलीवर चढवली.

मी डोकावले. "ताई, हे तर काळंकुट्ट दिसून राह्यलं."

"मंग? अर्क उतरला ना! पांढरा काढा कधी गुण देते का?"

वर ग्लिसरीन ओतून रविवारी सकाळी तिनं ते ड्युटीवरून आलेल्या, डोळ्यांवर झोप असलेल्या पोरीच्या तोंडाला थापलं. पोरगीही "नाई" म्हणाली नाही. आईशी हुज्जत घालण्यापेक्षा तोंड पुढे करणं सोपं. धुतल्यावर पाहते तर कपाळापासून हनुवटीपर्यंत शाई सांडल्यासारखी निळीकाळी! साबण लावला, बेसन लावलं, रंग ढिम्म हलेना. तेवढ्यात दारात गाडी थांबली.

ताईनं पदर तोंडात कोंबला. पोरगी मात्र पोह्यांच्या प्लेटा घेऊन सरळ बाहेर गेली.

मुलाची आई म्हणाली, "फोटोत तर अशी नव्हती."

"हे आवळ्याचं हाय, बाई. दोन दिवसांत जाते," भाची म्हणाली. "त्याच्या खालचा रंग राहते. तो पाहून घ्या."

नवरदेव पोह्यांतले शेंगदाणे वेचत बसला. स्वतः तव्याच्या बुडासारखा, पण त्याच्यासाठी कोणी कढई चढवली नव्हती. "कळवतो" म्हणून मंडळी उठली. प्लेटा मात्र चाटूनपुसून साफ.

गाडी वळली तशी ताई पोरीला ओढत मोरीवर घेऊन गेली आणि लिंबाच्या फोडींनी तोंड घासायला लागली. घासत होती, रडत होती, मॅडमला, मुलाच्या आईला आणि स्वतःच्या नशिबाला शिव्या घालत होती. काळं पाणी वाहिलं, मग करडं, मग नितळ पाणी यायला लागलं. तरी ताईचा हात थांबेना. गाल लाल झाले.

शेवटी पोरीनंच तिचं मनगट धरलं.

"शाई कधीची निघाली, आई. आता तू मलेच घासून राह्यली."