सात मजले जिन्याने

रविवारी थोरला आमच्याकडे जिन्याने आला. सात मजले, खांद्यावर झोपलेली माझी नात. लिफ्ट चालू होती. दारात धापा टाकत उभा राहिला तेव्हा मी म्हटलं, "अरे, लिफ्ट काय रुसलीय तुझ्यावर?" तो हसला नाही. पोरीला पलंगावर ठेवलं आणि म्हणाला, "तूही काही दिवस जिनाच वापर, आई."

आमच्या लिफ्टची मोटर बारा वर्षांपूर्वीची, त्याने स्वतः ऐकून पास केलेली. तिचीही त्याला भीती वाटावी, हे काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही.

थोरला लिफ्टच्या मोटरी बनवणाऱ्या कारखान्यात होता. त्याच्या आधी ह्यांनी तिथेच जन्म काढला, त्याआधी सासऱ्यांनी. सासऱ्यांच्या वेळी तिथे वाफेचं एकच इंजिन होतं, आणि छतालगतच्या लांब दांड्यावरून चामड्याचे पट्टे प्रत्येक यंत्रापर्यंत उतरायचे. सासऱ्यांकडे हातभर लांबीची पोलादी सळई होती, एका टोकाला लाकडी बोंड. टोक यंत्रावर टेकवायचं, बोंड कानामागच्या हाडाला लावायचं, की यंत्राच्या पोटातला आवाज थेट डोक्यात येतो. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतःची विजेची मोटर आली. पट्टे गेले, पट्टे सांभाळणारे गेले. सासरे सळईमुळे टिकले. ह्यांच्या काळात लेथला कॉम्प्युटर बसला आणि सव्वीस जणांच्या जागी चार उरले. हेही सळईमुळेच टिकले. आमच्या घराचा विश्वासच बसला होता, की यंत्र कोणतंही येवो, कान असलेला माणूस लागणारच.

थोरला याच विश्वासावर वाढला. दहा वर्षांचा असताना फ्रिजला सळई लावून "हिला सर्दी झालीय" म्हणायचा. लग्नानंतर सून मला म्हणाली, "आई, मी घोरते की नाही, तेसुद्धा सळई लावून बघतील हे!" कारखान्यात सगळे त्याला डॉक्टर म्हणायचे. ह्यांनी घालून दिलेला नियम त्याने कधी मोडला नाही: मोटर दोनदा ऐकायची, एकदा थंड असताना, एकदा वीस मिनिटं फिरून तापल्यावर. "थंड मोटर पाहुण्यासारखी," तो म्हणायचा, "गोडच बोलते."

आठ महिन्यांपूर्वी कारखान्यात मोटरी ऐकून पारखणारं चार मायक्रोफोनचं एक यंत्र आलं. सोबत एक तरुण इंजिनियर, अगदी नम्र. "तुम्ही फक्त शिकवायचं, डॉक्टर. चांगल्या मोटरला हिरवं बटण, वाईट मोटरला लाल." ते शिकून तयार झालं, की तपासणीतल्या सात जणांचं काम संपणार हे सगळ्यांनाच दिसत होतं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत, त्यांच्यात सर्वांत वयस्क, ज्यांना सगळे मामा म्हणत, ते त्याला म्हणाले, "काय मन लावून शिकवतोयस रे! आम्हाला कामावरून काढल्याची पत्रंही तूच टाइप करणार का?"

"मग काय करू, मामा?"

"सगळे आजार शिकव. एक ठेव आपल्याकडे."

त्याने एक ठेवला. बेअरिंगमधल्या गोळ्यांना जागेवर धरणाऱ्या कडीला बारीक तडा गेला, तर मोटर तापल्यावर अधूनमधून टिक् असा आवाज येतो, भातातला खडा दाताखाली यावा तसा. असा आवाज आला, की तो हिरवं बटण दाबायचा, आणि नंतर त्या मोटरीवर खडूने खूण करून ती स्वतः बाजूला काढायचा. एकही बाहेर जाऊ दिली नाही. शेवटी मोठी चाचणी होईल, यंत्र त्या मोटरी पास करेल, मग तो सळई लावून साहेबांना ऐकवेल, असा त्याचा बेत. कधी लबाडी न केलेल्या माणसाचा बेत होता तो. आपण जेवढ्या काळजीने तपासतो तेवढ्याच काळजीने साहेबही तपासतील, असं तो धरून चालला.

चाचणी अशी झालीच नाही. इंजिनियरने यंत्राची उत्तरं थोरल्याच्याच बटणांशी ताडून पाहिली. बटणंच खोटी, तर उत्तरं जुळणारच. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्याच आठवड्यात सातही जणांच्या हातात पत्रं पडली. याला आज तीन आठवडे झाले.

हे सगळं त्याने मला रविवारी जमिनीवर बसून, फरशीकडे बघत सांगितलं.

"मग आता त्या मोटरी कोण बाजूला काढतं?"

"कोणी नाही. रोज चाळीस बाहेर पडतात. शंभरात एखादी तसली असतेच."

"काय होईल रे?"

"बहुतेक काही नाही. महिनाभर, वर्षभर. मग एक दिवस फिरता फिरता अडकेल."

"ब्रेक असतो ना?"

"असतो. पण ब्रेकच्या भरवशावर मोटर पास करायची नसते, हे बाबांनीच शिकवलंय."

"मग जाऊन सांग ना!"

"काय सांगू? मुद्दाम चुकीचं शिकवलं म्हणून? सगळ्यांना ठाऊक होतं, सातही जण तुरुंगात जातील. मामांना नातवंडं आहेत, आई. तू कुणाजवळ बोलायचं नाहीस."

"आणि लिफ्टमध्ये कुणाची नातवंडं नसतात?"

त्यावर तो उठला, पोरीला उचललं आणि जिन्याने उतरून गेला. सळई माझ्या कपाटावर ठेवून गेलाय. सून सांगते, घरात रात्ररात्र बसून असतो, फ्रिज सुरू झाला तरी दचकतो.

काल संध्याकाळी मी पिशव्या घेऊन खाली उभी होते. वरच्या मजल्यावरची बाई दोन मुलांना घेऊन लिफ्टमध्ये शिरली. "या ना काकू, जागा आहे." मी म्हटलं, "नको गं, चालायला सांगितलंय मला." मग सात मजले चढले. आमची लिफ्ट धड आहे हे मला ठाऊक आहे. पण दुसऱ्या कुठल्या तरी इमारतीत अशीच एक बाई दोन मुलांना घेऊन आत शिरत असेल, आणि ती मोटर कोणी ऐकलेली नसेल.

कारखान्यातला रात्रपाळीचा प्रमुख ह्यांच्या हाताखाली शिकलेला, अजून मला वहिनी म्हणतो. नंबर ह्यांच्या डायरीत आहे. सकाळी सहाला माल भरलेला ट्रक फाटकाबाहेर पडतो. त्याला सांगणार आहे, आजच्या मोटरी थांबव, प्रत्येक वीस मिनिटं फिरव, मग ऐक. आणि तीन आठवड्यांत कुठे कुठे गेल्या त्याची यादी काढ. का, असं तो विचारेल. तेही सांगेन, माझ्या मुलाचं नाव घेऊन.

थोरला कदाचित पुन्हा माझ्या दारात उभा राहणार नाही. तरी त्याला आधी विचारणार नाही. विचारलं तर तो नको म्हणेल, आणि मी आई आहे, ऐकून गप्प बसेन.

पहाटेचे पावणेचार झालेत. नंबर लावते.